कंगव्याची वीज आणि सेलची वीज एकच असते का?

फावल्या_वेळात

रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सहावी ते आठवीची पोरं जमवून मी काहीबाही प्रयोग करत असतो, क्लास वगैरे नाही, फी नाही, उलट सरबत माझंच जातं. तर परवा एकीने विचारलं, काका, सातवीला स्थितिक विद्युत होतं, आता आठवीला धाराविद्युत आहे, मग कंगव्यावर येते ती वीज आणि सेलमधून येते ती वीज वेगवेगळी असते का? आणि एकच असेल तर कंगव्याने बल्ब का नाही लागत?

आता हा प्रश्न खरं तर पुस्तकानेच काढायला पाहिजे होता. दोन धडे दोन वेगळ्या वर्षांत, एकात कंगवा-फुगा-रेशमी कापड, दुसऱ्यात सेल-कळ-बल्ब, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध काय ते कुठेच नाही. मोठ्यांना विचारून बघा, चांगले इंजिनिअर झालेले लोकही जरा अडखळतात. म्हणून हा धागा.

सरळ उत्तर आधी देतो: वीज एकच. दोन्हीकडे तेच इलेक्ट्रॉन. कंगव्यावर ते साचून बसलेत आणि त्यांना जायला वाट नाही, सर्किटमध्ये ते फिरतायत आणि सेल त्यांना सतत ढकलतोय, फरक एवढाच.

दोन वेगळ्या पदार्थांच्या वस्तू एकमेकींना टेकल्या की एकीचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. घासायचं कशाला, तर घासल्याने जास्त जागी नीट स्पर्श होतो म्हणून, खरं काम स्पर्शाचंच. प्लास्टिकचा कंगवा सुक्या केसांतून फिरवला की केसांचे इलेक्ट्रॉन कंगव्यावर येतात, कंगवा ऋण, केस धन. सगळे केस धन झाले म्हणून ते एकमेकांपासून लांब पळतात आणि उभे राहतात. नवीन काही तयार झालेलं नाही, इकडचं तिकडे गेलं फक्त.

कागदाचे कपटे मात्र धनही नाहीत आणि ऋणही नाहीत, तरी चिकटतात, हे मुलांना खटकतं आणि खटकायलाच हवं. होतं असं की ऋण कंगवा जवळ आला की कपट्यातला ऋण प्रभार किंचित पलीकडे सरकतो, कंगव्याकडच्या बाजूला धन जरा जास्त होतो, आणि जवळच्याची ओढ लांबच्याच्या ढकलण्यापेक्षा जोरदार असते म्हणून कपटा उडी मारून येतो. नीट निरखून बघा, काही कपटे चिकटल्यावर पुन्हा ताडकन उडून जातात. ते कंगव्याचे इलेक्ट्रॉन घेऊन स्वतःच ऋण झालेले असतात.

आता खरी गंमत. साधा टेस्टर घ्या, तोच, स्क्रू ड्रायव्हरसारखा असतो तो. आत निऑनचा छोटा बल्ब आणि त्याच्या बरोबर एक रोधक (रेझिस्टन्स). वायरिंगचा पीव्हीसी पाईप हातभर, तो लोकरीच्या मफलरने खसाखसा घासा. खोलीत पूर्ण अंधार पाहिजे. टेस्टरच्या मागच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवायचं आणि पुढचं टोक पाईपवरून सरकवत न्यायचं. निऑन लुकलुकतो, बारीक नारिंगी. टोक एकाच जागी धरून ठेवलं तर एकदा चमकून खेळ खलास, कारण पाईप विद्युतरोधक आहे, शेजारचा प्रभार तिथवर वाहत येत नाही, तुम्हालाच त्याच्याकडे जावं लागतं. म्हणजे कंगव्याच्या विजेने बल्ब लागतो! फक्त तो टॉर्चचा नको, निऑनचा पाहिजे, आणि लागतो क्षणभरच.

असं का, ते आकड्यांत बघा. थंडीत प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की जो चटका बसतो, तेव्हा आपल्या अंगावर १०,००० व्होल्ट सहज असू शकतात (साधारण ३,००० च्या खाली तर पत्ताही लागत नाही). पण माणसाच्या अंगाची धारिता, म्हणजे प्रभार साठवायची क्षमता, १०० पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे एवढ्या व्होल्टला साचलेला प्रभार होतो १ मायक्रोकूलॉम, कूलॉमचा दहा लाखावा भाग. ऊर्जा ५ मिलिज्यूल. आणि जुन्या दोन सेलच्या टॉर्चमध्ये व्होल्ट फक्त ३, पण बल्बमधून ०.३ अँपिअर धारा, म्हणजे दर सेकंदाला ०.३ कूलॉम. एका सेकंदात चटक्याच्या तीन लाख पट प्रभार! टॉर्चच्या बल्बची तार तापवायला प्रभार सतत येत राहावा लागतो, निऑनला मात्र ऐंशी-नव्वद व्होल्ट मिळाले की चिमूटभर प्रभारातही तो चमकून घेतो.

तुमच्याकडचे अनुभव, शंका, प्रयोग टाका. आणि मुलांना प्रयोग करू द्या, पण टेस्टर भिंतीतल्या सॉकेटात घालायचा नाही हे आधी दहादा बजावा.

कोकणी_मेवा

वाचतेय. पण आमच्या रत्नागिरीत हे असलं काही होतच नाही हो. शाळेत बाई कंगवा घासून घासून दमल्या, कागद ढिम्म. शेवटी म्हणाल्या असं होतं असं समजा आणि पुढचा धडा घ्या. 😀

फावल्या_वेळात

@कोकणी_मेवा, बाईंचा दोष नाही, हवेचा आहे. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि त्यातून प्रभार सटकून जातो. कोकणात आणि मुंबईत जुलैत हा धडा घेणं म्हणजे वेळ फुकट. डिसेंबर-जानेवारीत करा, किंवा एसीच्या खोलीत, किंवा कंगवा, कपटे आणि मफलर आधी हेअर ड्रायरने नीट सुकवून घ्या, मग रत्नागिरीतही होतं.

बर्फातली_मनी

आमच्याकडे मिनेसोटात या उलट हो, नोव्हेंबर ते मार्च प्रत्येक गोष्टीला हात लावायची धास्ती. गाडीचं दार, नळ, लाईटचं बटण, मुलाचा पापा घेताना सुद्धा ठिणगी, तो रडतो आणि मी हसते. बाहेर उणे वीस असतं, त्या हवेत बाष्प जवळजवळ नसतंच, ती आत घेऊन हीटरने तापवली की बाष्प तेवढंच पण हवा गरम, म्हणजे खोली खडखडीत कोरडी. वर सगळीकडे कार्पेट. ह्युमिडिफायर लावला की बराच फरक पडतो. मी केलेला उपाय सांगते, घराची किल्ली मुठीत घट्ट धरायची आणि कडीला आधी किल्लीचं टोक लावायचं. ठिणगी किल्लीवर पडते, दिसते पण, चटका मात्र बसत नाही, कारण तोच प्रभार बोटाच्या टोकाच्या एका ठिपक्यातून जायच्या ऐवजी मुठीच्या एवढ्या मोठ्या भागातून जातो.

अजून एक, इथे पेट्रोल आपलं आपण भरायचं असतं, आणि नळी गाडीला लावून परत गाडीत जाऊन बसू नका असं पंपावर लिहिलेलं असतं. सीटला घासून उतरलं आणि तसाच नळीला हात लावला तर वाफेपाशीच ठिणगी पडते.

फावल्या_वेळात

आणि पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलही पुरतो, चटक्यात पाच असतात हे वर आलंच आहे. म्हणूनच टँकर खाली करायच्या आधी त्याला अर्थिंगची क्लिप लावतात. आणि प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल भरायचंच असेल तर कॅन डिकीत किंवा स्कूटरवर ठेवून नाही, जमिनीवर ठेवून.

टवाळ_कार्टा

मग आकाशातली वीज धरून बॅटरीत भरली तर? लाईटबिल माफ!!

सूतगिरणीवाला

नमस्कार, हा विषय म्हणजे आमचं रोजचं दुखणं. मी इचलकरंजीजवळ सूतगिरणीत होतो बरीच वर्षं. बाहेरच्या माणसाला वाटतं गिरणीत पाण्याचे फवारे उकाड्यासाठी असतील, तर तसं नाही, ह्युमिडिफिकेशन प्लांट असतो तो सुतासाठी. स्पिनिंगला आर्द्रता साधारण ५५ ते ६० टक्के धरून ठेवावी लागते. ती खाली गेली, मार्च-एप्रिलच्या दुपारी जाते, की कापसाचे तंतू एकमेकांना दूर ढकलायला लागतात, नीट एका रेषेत राहत नाहीत, रोलरला गुंडाळतात, त्याला आम्ही लॅपिंग म्हणतो. मग धागा तुटतो, साईडवरची बाई एका जागी जोडेपर्यंत दुसऱ्या चार जागी तुटलेला. पॉलिस्टर मिक्स असलं तर विचारूच नका, कॉटन निदान ओल धरतं, पॉलिस्टर धरत नाही. नवीन आलेल्या सुपरवायझरला मी पहिलं हेच सांगायचो, मशीनला हात लावायच्या आधी आर्द्रतामापक बघ.

चांदा_ते_बांदा

चंद्रपूरकर हजर! आमच्याकडे याच स्थितिक विजेचा फायदा करून घेतात. औष्णिक केंद्रात कोळसा जाळल्यावर निघणारी राख चिमणीतून थेट बाहेर जाऊ नये म्हणून आधी ईएसपी असतो, इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, विजेने राख पकडणारं यंत्र. तारांवर हजारो व्होल्ट डीसी (एकाच दिशेची वीज), धूर त्यांच्यामधून जातो, राखेच्या कणांवर प्रभार बसतो आणि ते बाजूच्या मोठ्या पत्र्यांना जाऊन चिकटतात. मग ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर आपटतात, राख खाली हॉपरमध्ये. कागदाच्या कपट्यांचाच खेळ, फक्त टनांत.

फावल्या_वेळात

@टवाळ_कार्टा, हिशोब करूनच टाकू. जमिनीवर पडणाऱ्या एका विजेत ढोबळमानाने शंभर कोटी ज्यूल ऊर्जा धरतात. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला तर २८० च्या आसपास युनिटं, तुमच्या घरचं दोन-तीन महिन्यांचं बिल. त्यातलं बरंचसं वाटेतच उजेड, आवाज आणि उष्णता होऊन गेलेलं, आणि उरलेलं सेकंदाच्या छोट्याशा भागात, वीस-तीस हजार अँपिअरने येणार. ते झेलेल अशी बॅटरी दाखवा, आणि पुढची वीज त्याच जागी कधी पडेल तेही सांगा.

त्यापेक्षा पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने केलेलं दामिनी ॲप फोनमध्ये टाका. तुमच्या आसपास विजा पडतायत का ते कळतं, मे-जूनमध्ये शेतात जाणाऱ्यांनी तर नक्कीच टाका.

टवाळ_कार्टा

बिल भरतो गपचूप.

शंकासुर

छान धागा. माझ्या तीन शंका.
१) बटण दाबल्यावर दिवा लगेच लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने धावतात ना?
२) पुस्तकात धारा धनाकडून ऋणाकडे दाखवतात आणि खाली बारीक अक्षरात इलेक्ट्रॉन उलटे जातात म्हणतात. असं का करून ठेवलंय?
३) टेस्टर फेजला (सॉकेटातल्या जिवंत तारेला) लावला की करंट आपल्या बोटातूनच जातो, मग शॉक का लागत नाही?

फावल्या_वेळात

१) अजिबात नाही. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, त्यातून १ अँपिअर, तर इलेक्ट्रॉन पुढे सरकतात सेकंदाला ०.०७ मिलिमीटर, म्हणजे तासाभरात पंचवीस-सव्वीस सेंटीमीटर. गोगलगाय बरी. पण तार आधीच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते, सायकलचं पॅडल मारलं की चेन सगळीकडे एकदम हलते, पॅडलजवळची कडी मागच्या चाकापर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही. ढकलणं झपाट्याने पोचतं, इलेक्ट्रॉन सावकाश. आणि घरात तर एसी करंट, सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे, म्हणजे ते जागच्या जागीच थरथरतात. पॉवर हाऊसमधला इलेक्ट्रॉन तुमच्या बल्बमध्ये कधीच येत नाही.

२) धन-ऋण ही नावं फ्रँकलिनने अठराव्या शतकाच्या मध्यात दिली, पतंगाचा प्रयोग १७५२ चा, त्याच्या थोडं आधी. नेमकं काय वाहतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, कुठली तरी एक बाजू धन म्हणायची होती. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, थॉमसनला, तोवर सगळी गणितं, सगळे नियम त्या दिशेने लिहून झालेले. आणि उत्तरं दोन्हीकडून सारखीच येतात म्हणून कुणी बदललं नाही. मुलांना गोंधळ होतो हे खरं, पण त्यांना ही गोष्ट सांगितली की तो लगेच मिटतो, नियम म्हणून पाठ करायला लावलं की नाही मिटत.

३) याचं उत्तर वायरिंगवाल्या माणसाने दिलं तर बरं. आहे का कुणी?

फेज_न्यूट्रल_अर्थ

हाय की. कोल्हापूर. वीस वर्षं झाली हेच करतोय.

टेस्टरमध्ये निऑनच्या जोडीला १० लाख ओहमच्या आसपासचा रेझिस्टन्स असतोय. २३० भागिले दहा लाख, पाव मिलिअँपिअर पण नाही. तेवढा करंट अंगातून गेला तर कळत नाही, निऑन मात्र पेटतोय. तोच रेझिस्टन्स खराब झाला किंवा टेस्टर भिजला तर मग बघायला नको. स्वस्तातला तुटका टेस्टर वापरू नका, आणि टेस्टर पेटला नाही म्हणजे लाईन बंद असं पण समजू नका, आधी चालू लाईनवर तो पेटतोय का बघायचं, मग बंद लाईनवर.

आता सर्किटचं म्हणाल तर माझ्या पिशवीत एक वस्तू कायम असते, सिरीज बोर्ड. पोरांना सर्किट शिकवायला यापेक्षा चांगलं काही नाही, पण हे मोठ्यांनीच करायचं, २३० व्होल्ट हाय. लाकडी फळी, एक होल्डर त्यात दोनशे वॅटचा जुना पिवळा बल्ब, आणि एक सॉकेट. बल्ब आणि सॉकेट सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक. कुणाचा मिक्सर, इस्त्री दुरुस्तीला आला की थेट मेनला नाही लावायचा, आधी या सॉकेटात.
बल्ब लागलाच नाही तर आत कुठेतरी वायर तुटलेली, सर्किट पूर्ण होत नाही.
बल्ब फुल्ल लागला तर आत शॉर्ट. पण फ्यूज जात नाही, कारण करंट बल्बमधूनच जायचा आणि बल्ब एक अँपिअरच्या वर जाऊ देत नाही.
इस्त्री चांगली असली तर बल्ब थोडासाच कमी लागतोय, इस्त्रीचा रेझिस्टन्सच कमी. छोटा पंखा असला तर मंद.
मीटर सगळे वापरतात आता, मी पण वापरतो, पण बल्बकडे बघून जेवढं कळतं तेवढं आकड्यावरून कळायला वेळ लागतो.

आता तुम्हाला एक कोडं. ६० वॅटचा बल्ब आणि १०० वॅटचा बल्ब, दोन्ही पिवळे, जुने. सिरीजमध्ये लावले. जास्त उजेड कुणाचा?

बर्फातली_मनी

१०० चा अर्थात.

शंकासुर

मनीताई थांबा, डाव आहे यात.

फावल्या_वेळात

डाव आहेच. ६० चा. बल्बवर लिहिलेले वॅट २३० व्होल्टसाठी असतात. गणित केलं तर ६० वाल्याचा रोध ८८० ओहम, १०० वाल्याचा ५३० च्या जवळपास. सिरीजमध्ये दोघांतून धारा एकच, मग ज्याचा रोध जास्त त्याच्या वाटणीला व्होल्ट जास्त, म्हणून तोच जास्त उजळतो. घरात पॅरलल असतं, तिथे प्रत्येकाला पूर्ण २३० मिळतात म्हणून १०० वाला जिंकतो.

फेज_न्यूट्रल_अर्थ

बरोबर. वर १०० चा तर नीट तापत पण नाही, थंड तारेचा रेझिस्टन्स गरम तारेच्या जवळजवळ दहावा भाग असतोय, त्यामुळे त्याच्या वाट्याला अजून कमी.

दिवाळीची_माळ

अरे हो, माझा प्रश्न याच्याच जवळचा. आमच्याकडे जुन्या बारीक रंगीत बल्बच्या माळा आहेत, बाबांनी जपून ठेवल्यात, फेकूही देत नाहीत. एक बल्ब गेला की सगळी माळ बंद. दर वर्षी गणपतीच्या आदल्या रात्री घरात यावरून भांडण.

फेज_न्यूट्रल_अर्थ

एका सरीत चाळीसएक बल्ब, प्रत्येकी सहा व्होल्ट, म्हणजे झाले २४०. सगळे सिरीजमध्ये, एक तुटला की वाटच बंद. एकेक बल्ब बदलत बसू नका. माळ प्लगला लावा, चालू करा, आणि टेस्टर एका टोकापासून प्रत्येक बल्बच्या पायाशी लावत पुढे जा. फेजच्या बाजूला टेस्टर पेटत राहतोय, कारण करंट वाहत नाही तेव्हा व्होल्ट कुठेच कमी होत नाही, तुटलेल्या बल्बपर्यंत पूर्ण २३० असतात. ज्या बल्बच्या अलीकडे पेटतोय आणि पलीकडे नाही, तो मेलेला. माळ चालू असताना बल्ब काढायचा नाही, प्लग काढून मग बदलायचा. आणि मेलेल्या बल्बच्या जागी टिकल्या लावून शॉर्ट करायची जुनी सवय सोडा, बाकीच्यांवर लोड वाढतोय.

दिवाळीची_माळ

काका, दंडवत. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. बाबांना दाखवते.

हार्डवेअर_बंडू

मी लॅपटॉप दुरुस्त करतो. रॅम किंवा मदरबोर्डच्या काही भागांना शंभर व्होल्टही मारू शकतात, आणि वर आलंय तसं तीन हजारांपर्यंत आपल्याला कळतच नाही. म्हणजे मी पार्ट मारला हे मला कधी कळणारच नाही, गिऱ्हाईक चार महिन्यांनी परत आणतं तेव्हा कळतं. म्हणून मनगटाला पट्टा बांधतो, त्याची वायर अर्थला. गंमत म्हणजे त्या पट्ट्यातही १० लाख ओहमचा रोध असतो, टेस्टरसारखाच, म्हणजे साचलेला प्रभार हळूहळू निघून जातो पण हात चुकून फेजला लागला तर मोठा करंट अंगातून अर्थला जात नाही. दुकानात बरेच जण पट्टा नुसता हातात अडकवतात, वायर कुठे जोडतच नाहीत. मग तो दागिना झाला.

अर्धी_चंद्रकोर

माझं जरा अवांतर. बेडरूममधला एलईडी बल्ब बंद केल्यावरही अंधारात मंद मिणमिणत राहतो. सासूबाई म्हणतात भुताटकी, नवरा म्हणतो बल्ब खराब. दोन बल्ब बदलून झाले.

फेज_न्यूट्रल_अर्थ

ताई, बल्ब नका बदलू. आधी बघून घ्या बटण फेजवर आहे का न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर). घाईत काम केलेल्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर टाकलेलं असतंय, दिवा बंद होतोय पण होल्डरमध्ये फेज तसाच जिवंत. असं असेल तर वायरमनला बोलवून लगेच फिरवून घ्या, बल्ब बदलताना शॉक लागायचा. दुसरं, बटणात लाल छोटा इंडिकेटर आहे का? त्याच्यातून जाणारा एवढासा करंट पण एलईडीला पुरतोय.

फावल्या_वेळात

आणि हे दोन्ही नसेल तर कारण धाग्याच्या विषयातलंच आहे, अवांतर नाही. पाईपमधून फेजची चालू तार आणि बटणाकडून बल्बकडे जाणारी तार शेजारी शेजारी जातात, मध्ये प्लास्टिकचं वेष्टण. दोन धातू आणि मध्ये विद्युतरोधक म्हणजे धारित्रच (कपॅसिटर) झालं, लहानसं. एसी असल्याने त्यातून अगदी बारीक धारा बल्बपर्यंत झिरपते. पूर्वीच्या पिवळ्या बल्बला ती कळायचीही नाही, एलईडीला कळते. धोका नाही, सासूबाईंना सांगा भुताला मायक्रोअँपिअरवर भागवावं लागतंय.

अर्धी_चंद्रकोर

😂 लाल इंडिकेटर आहे बटणात!

धावपळ_आई

आत्ताच वाचला धागा, वेळेवर सापडला. मुलाचं शाळेत प्रदर्शन आहे, लिंबाची बॅटरी करायची म्हणतोय. लिंबाला दोन तारा खुपसून टॉर्चचा बल्ब लावला, काही झालं नाही. यूट्यूबवर तर लागतो.

फावल्या_वेळात

टॉर्चचा बल्ब लिंबावर लागणार नाही, व्हिडिओत काहीही दाखवोत. एका लिंबातून तांबं आणि जस्त वापरलं तर साधारण ०.९ व्होल्ट मिळतात, ते ठीक, पण धारा जेमतेम एखादा मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी, कारण लिंबाचा स्वतःचाच रोध खूप. बल्बला ३०० लागतात. आणि दोन्ही तारा तांब्याच्या असतील तर तेवढंही नाही, धातू वेगळे पाहिजेत.

असं करा: तीन लिंबं, आधी टेबलावर हाताने दाबून लोळवून मऊ करा म्हणजे रस सुटतो. प्रत्येकात एक तांब्याची पट्टी किंवा जाड सोललेली तार, आणि एक जस्ताचा मुलामा असलेला खिळा, एकमेकांना टेकू न देता. पहिल्याचं तांबं मोकळं, पहिल्याचा खिळा दुसऱ्याच्या तांब्याला, दुसऱ्याचा खिळा तिसऱ्याच्या तांब्याला, तिसऱ्याचा खिळा मोकळा. मोकळ्या दोन टोकांना लाल एलईडी, लांब पाय तांब्याकडे. अंधारात बघा, मंद लागेल.

परीक्षक हमखास विचारतात की ऊर्जा लिंबातून येते का. नाही, जस्तातून येते, ते हळूहळू झिजतं, रस फक्त आतली वाट पूर्ण करतो. व्होल्टाने १८०० मध्ये हेच केलं होतं, जस्ताच्या आणि तांब्या-चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, एकावर एक रचून. त्याच्या आधीच्या सगळ्यांकडे कंगव्यासारखी साठलेली वीजच होती, लेडन जार नावाच्या काचेच्या बरणीत भरायची आणि एका ठिणगीत संपवायची. सतत वाहणारी धारा पहिल्यांदा तिथे मिळाली, आणि ओहमचा नियम त्यानंतर, १८२७ ला. आधी वाहायला पाहिजे, मग मोजणार ना.

धावपळ_आई

खूप खूप धन्यवाद! पांढरा एलईडी आहे घरात, तो चालेल का? आणि दुकानात रेझिस्टन्स पण घ्या म्हणाला, किती ओहमचा घेऊ?

हार्डवेअर_बंडू

पांढऱ्याला तीन व्होल्टच्या जवळपास लागतात, तीन लिंबांत जमणार नाही, पाच लागतील. लाल आणा. लिंबाला रेझिस्टन्स लागत नाही, लिंबातच भरपूर आहे. प्रदर्शनात शेजारी तुलनेसाठी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी ठेवणार असाल तर मात्र लावायलाच हवा: नऊ वजा एलईडीचे दोन, राहिले सात, भागिले दहा मिलिअँपिअर, ७०० ओहम, दुकानात ६८० चा मिळतो, निळा-करडा-तपकिरी पट्टे. विसरलात तर एलईडी एकदाच जोरात पेटतो.